शेतकऱ्याचे येणे आणि मुदतीचा कायदा

शेतकरी म्हटला म्हणजे तो कर्जदारच असावयाचा, अशी समजूत लोकांत रूढ आहे. आणि खुद्द शेतकरी वर्गातही ती इतकी मुरली आहे की, आपणही कोणाचे तरी धनको आहो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. वाशी, भूम, कळंब ह्या बाजूच्या एखाद्या मध्यम शेतकऱ्याचा दिवाळी ते संक्रांत ह्या काळातील हिशेब मांडून पाहावा. सोयाबीन गावातल्याच खरेदीदाराला घातलेले असते. त्याचे निम्मे पैसे हाती आलेले असतात आणि निम्मे 'आठ दिवसांनी' मिळावयाचे असतात. ऊस कारखान्याला गेलेला असतो, पण बिल निघालेले नसते. खव्याच्या भट्टीवर घातलेल्या दुधाचे पैसे पंधरवड्यामागून पंधरवडा थकलेले असतात. मेहुण्याला विहिरीच्या कामासाठी हातउसने दिलेले असतात. पीकविम्याची भरपाई विमा कंपनीकडे अडकलेली असते. ह्या पाचही ठिकाणी शेतकरी हा धनको आहे, आणि त्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग दुसऱ्याच्या हातात आहे.

भाव ठरविताना आमचे शेतकरी बंधू क्विंटलमागे दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करतात. परंतु माल काट्यावरून उतरला, आणि 'बाकी देणे आहे' एवढ्या एका ओळीवर सही मागावयाची वेळ आली की त्यांची जीभ अडखळते. सही मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे त्यांस वाटते. पुढे पैसे थकतात, हेलपाटे सुरू होतात, शब्दाने शब्द वाढतो आणि अखेर कोणी तरी वकिलाकडे जाण्याची सल्ला देतो. वकील पहिल्या दोन गोष्टी विचारतो त्या अशा: कागद काय आहे, आणि व्यवहाराची तारीख कोणती? ह्या दोन प्रश्नांना उत्तर नसल्यामुळे जेवढे येणे बुडते, तेवढे ऋणकोच्या लबाडीने बुडत नसावे, असे आमचे मत झाले आहे. प्रस्तुत लेखात ह्या दोन गोष्टींचाच विचार करावयाचा आहे.

कागदाचे भय कोठून आले

शेतकऱ्याला कागदाची जी धास्ती वाटते ती निष्कारण नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठली, आणि त्यांतील कर्जरोखे व वह्या बाहेर काढून जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. त्यांचा राग मुख्यतः कागदांवर होता, ह्याचे कारण उघड आहे. रोखा सावकार लिही, अंगठा कुळाचा असे, आणि आत काय लिहिले आहे ते कुळाला वाचता येत नसे. ह्या दंग्यांची चौकशी होऊन १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांकरिता होता. त्या कायद्याने न्यायाधीशास रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ देणे किती व व्याज किती, हे तपासण्याचा अधिकार मिळाला. आणि शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावेत अशी तजवीज झाली. आपला धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता व १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो तेथेच राहिला. सबब त्या कायद्याचा आधार आपल्या आजोबा-पणजोबांस मिळाला नाही. कागदाचे भय मात्र पुरते मिळाले.

ते भय वारसाहक्काने आपल्याकडे आले आहे. पण काळ पालटला आहे, हे ध्यानात घ्यावे. आज शेतकरी लिहू-वाचू शकतो, आणि पुष्कळ व्यवहारांत देणे त्याच्याकडे नसून येणे त्याचे आहे. ज्याचे देणे आहे त्याने कागद टाळावा, हे एक वेळ समजू शकते. ज्याचे येणे आहे त्यानेच कागद टाळावा, हे मात्र पायावर धोंडा मारून घेणे होय.

तीन वर्षांचा हिशेब

प्रथम मुदतीविषयी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उसन्या रकमेचा दावा, रक्कम दिल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो. माल उधार दिला असून पैसे केव्हा द्यावयाचे हे ठरले नसेल, तर माल हवाली केल्याच्या दिवसापासून तीन वर्षे मोजतात. वायदा ठरला असेल, तर तो संपल्यापासून. 'मागाल तेव्हा देईन' अशी वचनचिठ्ठी असेल, तर चिठ्ठीच्या तारखेपासूनच मुदत धावू लागते. आपण पैसे मागू तेव्हापासून तीन वर्षे, असा जो समज खेड्यापाड्यांत आहे तो अशा व्यवहारांत चुकीचा आहे. समजा, १० नोव्हेंबर २०२३ रोजी वायदा न ठरविता सोयाबीन उधार घातले, तर नोव्हेंबर २०२६ ची १० तारीख उलटण्यापूर्वी दावा न्यायालयात पडला पाहिजे. त्या दिवशी न्यायालयास सुटी असेल, तर ते उघडेल त्या दिवशी चालतो, त्यापुढे नाही. आणि प्रतिवादीने मुदतीची हरकत घेतली नाही, तरीही मुदतीबाहेरचा दावा न्यायालयाने काढून टाकावयाचा असतो.

दुसरा एक गैरसमज असा की, वकिलाची नोटीस दिली म्हणजे मुदत वाढते. नोटिशीने मुदत एका दिवसानेही वाढत नाही. गावच्या बैठका, नातेवाइकांचे निरोप, देवळात घेतलेल्या शपथा, यांनीही ती वाढत नाही. ती वाढते दोनच मार्गांनी. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने 'अमुक रक्कम देणे आहे' असे लिहून खाली सही केली, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. किंवा मुदतीच्या आत त्याने काही रक्कम फेडली, आणि त्या फेडीची नोंद त्याच्या हस्ताक्षरात अथवा सहीनिशी असली, तर फेडीच्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. फेड तोंडी आणि रोख असेल, व तिच्यावर ऋणकोची सही नसेल, तर तिचा ह्या कामी उपयोग नाही.

ह्या एका बारकाव्यामुळे किती नुकसान होते, त्याचे एक उदाहरण आमच्या माहितीतील आहे. एका वयस्क शेतकऱ्याने तुरी गावच्या खरेदीदारास उधार घातल्या. खरेदीदार अगदीच बुडवा नव्हता. पाडव्याला पाच हजार, पोळ्याला तीन हजार, असे तो देत गेला, आणि प्रत्येक वेळी 'राहिलेले पुढच्या हंगामात' असे म्हणत गेला. शेतकऱ्याने प्रत्येक रक्कम आपल्या वहीत स्वतःच्या हाताने नोंदविली. चौथ्या वर्षी खरेदीदाराने हात वर केले. तेव्हा वही घेऊन हे गृहस्थ वकिलाकडे गेले. वहीत सर्व रकमा होत्या, तारखा होत्या. नव्हती ती फक्त समोरच्याची सही. वकिलाने सांगितले की, मूळ व्यवहारास तीन वर्षे होऊन गेली, आणि मधल्या फेडीचा पुरावा तुमच्याच हातचा आहे. पाचापैकी एकाही वेळी त्या वहीतच खरेदीदाराची सही घेतली असती, तर दावा मुदतीत राहिला असता. मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेले ते पैसे गेले ते गेलेच.

मुदत संपल्यावर एकच वाट उरते. ऋणकोने 'हे जुने देणे मी देईन' असे नव्याने लिहून सही करून दिले, तर १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणे ते वचन बंधनकारक ठरते. पण मुदत संपल्याचे कळल्यावर असे लिहून देणारा ऋणको विरळाच.

कागद कसा असावा

कागद म्हटला की मोठा दस्तऐवज, मुद्रांक, निबंधकाची कचेरी, असे चित्र डोळ्यांपुढे येते. नेहमीच्या व्यवहारास इतके लागत नाही. माल दिल्याची तारीख, मालाचे नाव व वजन, भाव, एकूण रक्कम, मिळालेली रक्कम, राहिलेली बाकी आणि ती देण्याचा वायदा, एवढे सात तपशील एका कागदावर लिहून खाली घेणाऱ्याची सही व पूर्ण नाव असले म्हणजे न्यायालयात उभे राहण्यापुरता पाया झाला. दोन साक्षीदारांच्या सह्या असल्यास उत्तम. कोऱ्या कागदावर वा कोऱ्या चेकवर सही देऊ नये आणि घेऊही नये.

उसने पैसे देताना वचनचिठ्ठी घ्यावी. तिला महसूल तिकीट अवश्य लावावे व सही तिकिटावरून जाईल अशी घ्यावी. बिनतिकिटाची वचनचिठ्ठी न्यायालय पुराव्यात घेत नाही, आणि मागाहून दंड भरूनही तो दोष निघत नाही. रक्कम शक्य तो बँकेतून किंवा फोनवरून द्यावी, म्हणजे खात्याच्या उताऱ्यावर तारीख आपोआप उमटते. मात्र केवळ पैसे गेल्याचे दिसल्याने ते उसने होते की जुन्या देण्याची फेड होती, हे सिद्ध होत नाही. म्हणून सोबत चिठ्ठी हवीच. फोनवरील संदेशही आता पुराव्यात घेतले जातात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात त्यांसाठी प्रमाणपत्र जोडण्याची रीत सांगितली आहे. तेव्हा 'दादा, पैसे पुढच्या महिन्यात देतो' असा संदेश आला असल्यास तो पुसून टाकू नये, आणि फोन बदलताना जुना फोन जपून ठेवावा.

घरची वही ठेवणे चांगलेच. पण केवळ आपल्या वहीतील नोंदीवरून दुसऱ्यावर देणे लादता येत नाही, हा पुराव्याचा जुना नियम आहे व नव्या कायद्यातही तो कायम आहे. वहीला समोरच्याची सही, मालाची पट्टी अथवा साक्षीदार, ह्यांचा आधार पाहिजे.

माल कोठे विकावा, हाही ह्याच प्रश्नाचा भाग आहे. बाजार समितीच्या आवारात परवानाधारक आडत्यामार्फत विकलेल्या मालाची हिशेबपट्टी मिळते, आणि नियमाप्रमाणे त्याचे पैसे त्याच दिवशी चुकते व्हावयाचे असतात. ते न झाल्यास समितीच्या सचिवाकडे लेखी तक्रार करता येते. व्यापाऱ्याचा परवाना समितीच्या हातात असल्यामुळे त्या तक्रारीस वजन असते. खेड्यात येऊन, टेम्पो उभा करून माल उचलणाऱ्या खरेदीदाराकडे अशा परवान्याची विचारणा आपण क्वचितच करतो. त्याचा भाव पन्नास रुपये अधिक असला, तरी त्याचे खरे नाव, गाव आणि परवाना ह्यांची खात्री झाल्याखेरीज उधार माल गाडीत चढवू नये.

वसुलीच्या निरनिराळ्या वाटा

उसाच्या बाबतीत कायद्याने शेतकऱ्यास विशेष आधार दिला आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने पैसे द्यावयाचे असतात. उशीर झाल्यास दरसाल दर शेकडा १५ प्रमाणे व्याज द्यावे लागते. पैसे थकविणाऱ्या कारखान्याविरुद्ध पुण्याचे साखर आयुक्त वसुलीचे प्रमाणपत्र काढतात, आणि ते जिल्हाधिकाऱ्यांकडे आले म्हणजे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावयाची असते. तहसील कचेरीत आमचे आयुष्य गेल्यामुळे ह्याचा अर्थ आम्ही जाणतो. मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, स्थावराची जप्ती व लिलाव, असे क्रमाक्रमाने १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील उपाय त्या प्रमाणपत्रापाठीमागे उभे राहतात. परंतु प्रमाणपत्र निघण्यास शेतकऱ्यांच्या तक्रारी लागतात आणि तक्रारीस वजनाच्या पावत्या लागतात. पावती ट्रॅक्टरवाल्याच्या खिशात राहिली, असे सांगून भागत नाही.

चेक न वटल्यास १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्यातील १३८ वे कलम उपयोगी पडते. त्यातील मुदती फार आखूड आहेत, त्या पाठच कराव्या. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरला पाहिजे. तो परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्यास लेखी मागणी धाडली पाहिजे, व ती पोच मिळेल अशा टपालाने धाडावी. मागणी पोचल्यापासून १५ दिवसांत त्याने पैसे न दिल्यास, त्यानंतर एक महिन्यात फौजदारी न्यायालयात फिर्याद केली पाहिजे. गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१५ च्या दुरुस्तीमुळे, आपले खाते ज्या शाखेत आहे व जेथे आपण चेक भरला, तेथील न्यायालयात ही फिर्याद करता येते. परगावच्या व्यापाऱ्यामागे त्याच्या गावी धावण्याचे शेतकऱ्यास कारण उरले नाही. 'पुन्हा टाका, या वेळी नक्की वटेल' ह्या गोड बोलण्यात ३० दिवस जाऊ देणारे मात्र हा हक्क गमावून बसतात.

पुष्कळ लोक पैसे थकले की प्रथम पोलीस ठाण्याकडे धाव घेतात. साधे देणे थकणे हा गुन्हा नव्हे; ती दिवाणी बाब आहे, आणि देणे वसूल करून देणे हे पोलिसांचे काम नाही. घेणाऱ्याचा प्रथमपासूनच बुडविण्याचा हेतू असल्यास, उदाहरणार्थ खोटे नाव सांगून, खोटा परवाना दाखवून माल उचलून तो पसार झाल्यास, ती फसवणूक होते व तेथे पोलिसांत फिर्याद करणे योग्य आहे. दोहोंतील फरक न कळल्यामुळे ठाण्याच्या पायऱ्या झिजविण्यात महिने जातात, आणि मुदत इकडे चालूच असते.

दिवाणी दावा म्हटला की तो नातवाच्या काळात निकाल लागावयाचा, असे लोक म्हणतात. दिरंगाई आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु वचनचिठ्ठी किंवा लेखी करार हाती असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशाखाली संक्षिप्त दावा लावता येतो. त्यात प्रतिवादीस न्यायालयाची परवानगी मिळाल्याखेरीज बचावच करता येत नाही. प्रतिवादी मालमत्ता विकून पसार होण्याच्या बेतात असल्यास निकालापूर्वी जप्ती मागता येते. आणि हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. त्याच्या बजावणीसाठी निराळी दरखास्त द्यावी लागते, तिची मुदत बारा वर्षांची आहे. ऋणकोच्या नावे काय आहे हे आपणच न्यायालयास दाखवावे लागते. याकरिता व्यवहार करतेवेळीच त्याचा आठ-अ आणि सातबारा पाहून ठेवावा. हे उतारे आता घरबसल्या संगणकावरही निघतात.

वकिलाच्या खर्चाची भीती

'येणे चाळीस हजारांचे, आणि वकिलाला वीस हजार कोठून द्यावे?' हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. ह्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, तसेच पूर, दुष्काळ, भूकंप अशा आपत्तींत सापडलेले लोक ह्यांस उत्पन्नाचा विचार न करता मोफत वकील मिळू शकतो. इतरांस उत्पन्नाची मर्यादा असून महाराष्ट्रात ती वर्षाला तीन लाख रुपयांची आहे. दुष्काळाचा उल्लेख कायद्यातच आहे, ही गोष्ट आपल्या भागातील किती शेतकऱ्यांस ठाऊक असेल? अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा धाराशिवच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर करता येतो. १५१०० ह्या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

ह्याच कायद्याखाली लोकअदालत भरते. दावा दाखल असो वा नसो, दोन्ही पक्षांची तयारी असेल तर तडजोड तेथे लिहून घेतात. त्या निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील चालत नाही, आणि दाखल दाव्याची भरलेली न्यायालय फी परत मिळते. भाऊबंद, शेजारी, सोयरे यांच्यातील पैशांच्या तंट्यास ह्याहून चांगली जागा आम्हांस दिसत नाही. कारण तेथे कोणी हरला असे होत नाही, आणि पुढे एकाच बांधावर उभे राहावयाचे असते.

गावपातळीवर १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने समित्या नेमण्याची प्रथा पाडली. पंचांसमोर तडजोड जरूर करावी. पण चावडीवर झालेली तोंडी तडजोड चहाच्या पेल्याबरोबर संपते. तीच तडजोड रक्कम, हप्ते व तारखा घालून लिहिली आणि ऋणकोने तीवर सही केली, तर ती मुदतीच्या कायद्याप्रमाणे देण्याची लेखी कबुली होते, व तिच्या तारखेपासून नवी तीन वर्षे मिळतात. पंचांनी एवढी एक गोष्ट कटाक्षाने केली, तरी गावातील अर्धी येणी जिवंत राहतील.

आपल्याच जिल्ह्यातील दाखला

कागद आणि तारीख ह्यांचे महत्त्व आपल्या जिल्ह्याने अगदी अलीकडे अनुभविले आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन काढणीला आले असता अतिवृष्टी झाली आणि उभे व कापलेले पीक पाण्यात गेले. विमा उतरविलेल्या शेतकऱ्यांनी भरपाई मागितली, तेव्हा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत दिली नाही, ह्या कारणावरून विमा कंपनीने लाखो शेतकऱ्यांस भरपाई नाकारली. शेतात गुडघाभर पाणी, वीज नाही, फोन लागत नाही, अशा स्थितीत तीन दिवसांच्या आत सूचना द्यावयाची ती कशी, हा प्रश्न होता. परंतु महसूल व कृषी खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी शेतावर जाऊन पंचनामे केले होते, आणि ते सरकारी दप्तरात होते. जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका झाल्या. मे २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. साडेतीन लाखांवर शेतकऱ्यांच्या भरपाईचा तो प्रश्न होता. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे तिला प्रथम दोनशे कोटी रुपये भरावे लागले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला.

ह्या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. ७२ तासांची अट हुकली म्हणून लाखो लोकांचे पैसे दोन वर्षे अडकले. आणि तलाठी व कृषी सहायकाने चिखलात उभे राहून लिहिलेला पंचनाम्याचा कागद होता, म्हणूनच ते सुटू शकले. पंचनामा चालू असता बांधावर हजर राहून आपला गट क्रमांक, पीक व क्षेत्र नीट लिहिले गेले की नाही हे पाहण्याचा कंटाळा जे करतात, त्यांनी ह्याचा विचार करावा.

घेणाऱ्याने पाळावयाची मर्यादा

आतापर्यंत शेतकऱ्यास धनको मानून लिहिले. पण धनकोसही मर्यादा आहेत. कधीमधी आप्तेष्टास हातउसने देणे हा सावकारीचा धंदा नव्हे. परंतु चार लोकांस व्याजाने पैसे लावण्याचा क्रम ठेवला, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवाना घ्यावा लागतो. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याचा दावा न्यायालयात टिकत नाही, आणि त्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्हीही होऊ शकतात. परवानाधारकासही शेतकऱ्याकडून तारणावर दरसाल दर शेकडा ९ व विनातारण १२ ह्याहून अधिक व्याज घेता येत नाही, असे शासनाने २०१४ साली ठरविले. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये, हा आपला दामदुप्पटीचा पुरातन नियमही त्या कायद्यात आहे. व्याजापोटी कोणी जमीन लिहून घेतली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून चौकशी मागता येते व जमीन परत मिळू शकते. अशा शेतकऱ्याने लाजेने घरी बसू नये.

त्याचप्रमाणे, हुकूमनामा मिळाला तरी ऋणको शेतकरी असल्यास त्याची शेतीची अवजारे, उपजीविकेस लागणारे बैल, बियाणे, राहते घर आणि स्वयंपाकाची भांडी जप्त करता येत नाहीत, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात म्हटले आहे. हे संरक्षण उद्या आपल्यालाही लागू शकते, हे स्मरून वसुली करावी. रात्री दारात जाऊन बसणे, ट्रॅक्टर ओढून आणणे, चारचौघांत अपमान करणे, ह्यांनी पैसे तर येत नाहीतच. उलट धनकोच आरोपी होतो.

असो. लेखाचा विस्तार बराच झाला. शेवटी एक विनंती करून आटोपते घेतो. येत्या अमावास्येस कामे बंद असतील, तेव्हा घरातील सर्व येण्याची एक यादी करावी. प्रत्येक नावापुढे रक्कम, व्यवहाराची तारीख, हाती असलेला कागद, आणि तीन वर्षे ज्या दिवशी पुरी होतात ती तारीख, असे चार रकाने आखावे. ज्या नावापुढे सहा महिन्यांहून कमी अवधी उरला असेल त्या ऋणकोकडे त्याच आठवड्यात जावे, गोडीने बोलावे, जमेल तेवढे घ्यावे आणि बाकीची कबुली तारीख घालून त्याच्या सहीनिशी लिहून आणावी. तो सही देत नसेल, तर मात्र घरी परत न येता थेट तालुका विधी सेवा समितीची वाट धरावी.